पात्याचे पाणी आणि त्याआधीची आच

सुरीची धार टिकली की श्रेय पाण्याला मिळते. धातुशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर पाते बुडवण्याआधी भट्टीतच निम्म्याहून अधिक निकाल लागलेला असतो.

सुमारे ०.८४ टक्के कार्बन असलेले १०८४ हे साधे पोलाद घेऊ. थंड असताना त्यात मऊ लोह आणि कठीण लोह-कार्बाइड यांचे पातळ थर आलटूनपालटून असतात, हे पर्लाइट. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर हे थर मोडतात, कार्बन लोहात विरघळतो आणि ऑस्टेनाइट तयार होते. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही, म्हणून भट्टीशेजारी टांगलेला चुंबक ही कारागिराची सोपी खूण. मात्र चुंबक सुटला की लगेच बुडवायचे नाही. आच आणखी थोडी वाढवून ८१५ अंशांच्या आसपास न्यायची. ही आच पात्याच्या रंगावरून जोखायची, आणि तीही सावलीतच. उन्हात तापलेले पाते आहे त्यापेक्षा गार वाटते आणि माणूस नकळत भाता जास्त मारतो.

खरा घात इथे होतो. आच वाढली की ऑस्टेनाइटचे कण एकमेकांना गिळत मोठे होतात. अशा पात्यावर कानस घसरेल, म्हणजे ते कडक झालेले असेल. पण दगडावर पडले तर टवका उडेल. नमुन्याची पट्टी पाणी देऊन मोडून पाहावी. तुटलेली बाजू राखाडी आणि मखमली दिसली तर कण बारीक आहेत. खडीसाखरेसारखी चमचमली तर आच चुकली. घडाईत ही चूक हटकून होते. उपाय सोपा आहे, तरी कंटाळ्यापोटी टाळला जातो: पाते तापवून स्थिर हवेत काळे पडेपर्यंत निवू द्यायचे, असे तीनदा, दर वेळी आच थोडी कमी ठेवून.

मग पाणी. ऑस्टेनाइट सावकाश निवले तर पुन्हा पर्लाइट होते. ते टाळायचे तर सुमारे ५४० अंशांचा टप्पा साधारण सेकंदाभरात ओलांडावा लागतो. पुढे, दोनअडीचशे अंशांपासून खाली, अडकलेला कार्बन लोहाची जाळी ताणतो आणि मार्टेन्साइट बनते. या वेळी पोलाद फुगते. पाण्यात वरचा थर आधी फुगून कडक होतो, गाभा नंतर. त्या ओढाताणीत पात्याला तडा जातो. पातळ पात्याला म्हणून ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेले पातळ तेल बरे. कोमट तेल अधिक पातळ होऊन उष्णता लवकर ओढते. पाते सरळ बुडवून पुढे-मागे हलवावे. आडवे हलवले की एक बाजू आधी निवते आणि पाते वाकते. ट्रकच्या जुन्या पाट्यातून कोयता काढणाऱ्याने तर पाण्याच्या वाटेला जाऊच नये. त्या पोलादात क्रोमियम किंवा सिलिकॉनसारखी भर असते, ते सावकाश निवूनही कडक होते.

बुडवून काढलेले पाते रॉकवेल मापावर ६५ च्या आसपास भरते, पण काचेइतके ठिसूळ असते. बुडवल्यापासून तासाभराच्या आत ते शेकायला घ्यावे आणि २०० अंशांवर दोन तास शेकून नरमावावे, निवल्यावर पुन्हा एकदा. सुरीला ६० च्या आसपास पुरते. झटके सोसणाऱ्या कोयत्याला त्याहून नरम ठेवावे लागते. जुन्या पद्धतीत फक्त धारेची बाजू बुडवतात, दगडाने घासून ती उजळ करतात आणि पाठीतली उरलेली आच धारेकडे सरकताना पाहतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेशी पोचताच अख्खे पाते बुडवायचे. पद्धत देखणी आणि कामाची आहे, पण हा रंग म्हणजे पृष्ठभागावरच्या ऑक्साइडची जाडी. ती तापमानाइतकीच वेळेवरही अवलंबून असते. दोन तास भट्टीत शेकलेल्या पात्याचा रंग या रंगक्रमाशी ताडून पाहू नये.

शेवटी ग्राइंडरवर. धार पातळ असल्याने क्षणात तापते. तिथे निळी रेघ उमटली, तर तेवढा भाग नरम पडला; तो घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून दर फेरीनंतर पाते पाण्यात बुडवावे आणि उघड्या बोटांनी धरूनच घासावे: बोटाला चटका बसला की थांबायचे.