कानातील प्रतिजैविक व स्टेरॉइड थेंब

कानातील प्रतिजैविक व स्टेरॉइड थेंब ही जंतुसंसर्गाच्या उपचारासाठी थेट कानात घालायची द्रवरूप औषधे आहेत. यांतील प्रतिजैविक जिवाणूंचा नाश करते किंवा त्यांची वाढ रोखते, तर स्टेरॉइड सूज, खाज व वेदना कमी करते. काही थेंबांत केवळ प्रतिजैविक असते, काहींत दोन्ही घटक असतात, तर काहींत बुरशीनाशक व बधिरता आणणारे औषधही मिसळलेले असते. बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतील औषधे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. कोणते थेंब सुरक्षित ठरतील हे मुख्यतः कानाचा पडदा शाबूत आहे की नाही यावर अवलंबून असते आणि ते कानात उपकरणाने पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याचा नियम आहे. ठाणे जिल्ह्यातील खर्डीसारख्या ग्रामीण भागात पावसाळ्यातील दमटपणा आणि तज्ज्ञांपासूनचे अंतर यांमुळे हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो.

घटक

या थेंबांतील प्रतिजैविके प्रामुख्याने तीन गटांतील असतात.

क्विनोलोन गट: सिप्रोफ्लॉक्सासिन व ऑफ्लॉक्सासिन. ही अंतःकर्णाला अपायकारक नसल्याचे मानले जाते.

अमिनोग्लायकोसाइड गट: नियोमायसिन, जेंटामायसिन व टोब्रामायसिन. नियोमायसिनचा शोध १९४९ मध्ये सेलमन वॅक्समन व ह्यूबर्ट लेशेव्हलिए यांनी लावला. या गटातील पहिले औषध स्ट्रेप्टोमायसिन (१९४३) हे होय. त्याच्या सुरुवातीच्या वापरातच श्रवणावर व शरीराच्या तोलावर होणारे दुष्परिणाम दिसून आले होते.

इतर: क्लोरॅम्फेनिकॉल व पॉलिमिक्सिन बी.

स्टेरॉइडांपैकी डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन व हायड्रोकॉर्टिसोन यांचा वापर होतो. बुरशीजन्य संसर्गासाठी क्लोट्रिमॅझोल वापरले जाते. बुरशीविरोधी औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचेही योगदान आहे. पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीत शोधलेले हॅमायसिन हे औषध कानातील बुरशीवरही वापरले गेले.

कार्यपद्धती

कानात घातलेले औषध रक्तात न जाता संसर्गाच्या जागी पोहोचते, त्यामुळे तेथे त्याची तीव्रता फार मोठी असते. ०.३ टक्के तीव्रतेच्या थेंबांत प्रत्येक मिलिलिटरमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजेच ३,००० मायक्रोग्रॅम प्रतिजैविक असते. पोटात घेतलेल्या गोळीने संसर्गाच्या जागी एवढी तीव्रता गाठता येत नाही. म्हणून बाह्यकर्णनलिकेच्या साध्या संसर्गात गोळ्यांपेक्षा थेंबांना प्राधान्य दिले जाते.

मात्र थेंब संसर्गाच्या जागेपर्यंत पोहोचले तरच हा लाभ मिळतो. बाह्यकर्णनलिका प्रौढांत सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते व तिच्या टोकाशी कर्णपटल म्हणजे कानाचा पडदा असतो. पडदा शाबूत असताना त्यामागील मध्यकर्णात संसर्ग झाला असेल तर थेंब तेथे पोहोचत नाहीत. सर्दीनंतर लहान मुलांचा कान अचानक ठणकू लागतो तेव्हा बहुधा असाच संसर्ग असतो. नलिका पुवाने किंवा मळाने भरलेली असल्यासही औषध वरच अडून राहते.

उपयोग

बाह्यकर्णशोथ: कर्णनलिकेच्या त्वचेचा संसर्ग. कानाची पाळी ओढल्यास किंवा कानासमोरील कूर्चेचा उंचवटा दाबल्यास वेदना वाढतात. पोहणे, कानात पाणी राहणे आणि काडीने कान कोरणे ही नेहमीची कारणे आहेत.

कान वाहणे: पडद्याला छिद्र पडून मध्यकर्णातून वारंवार किंवा सतत स्राव येणे याला दीर्घकालीन पूयजन्य मध्यकर्णशोथ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या अहवालात भारताची गणना या आजाराचे प्रमाण जास्त असलेल्या देशांत केली आहे. यात क्विनोलोन थेंब प्रथम पसंतीचे मानले जातात.

बुरशीजन्य कर्णशोथ, विषाणुजन्य संसर्ग व क्षयरोगामुळे वाहणारा कान यांवर प्रतिजैविक-स्टेरॉइड थेंब हा उपचार नव्हे. यांपैकी काहींत त्यामुळे आजार बळावतो.

पडद्याचे छिद्र व श्रवणदोषाचा धोका

मध्यकर्णाच्या आतील भिंतीवर वृत्ताकार गवाक्ष नावाची एक लहान खिडकी असते. तिच्यावर पातळ पडदा असून त्यापलीकडे श्रवणाचे कर्णावर्त असते. कर्णपटलाला छिद्र असल्यास कानात घातलेले औषध मध्यकर्णात उतरते व या पातळ पडद्यातून अंतःकर्णात झिरपू शकते. अमिनोग्लायकोसाइड गटातील औषधे कर्णावर्तातील केसपेशींना इजा करतात. माणसात या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत, त्यामुळे असे बहिरेपण कायमचे असते. याच गटातील औषधांनी तोल सांभाळणारी इंद्रियेही बाधित होऊन चक्कर येऊ शकते.

म्हणून पडद्याला छिद्र असताना, किंवा तो शाबूत असल्याची खात्री नसताना, अमिनोग्लायकोसाइडयुक्त थेंब टाळून क्विनोलोन थेंब वापरण्याची शिफारस केली जाते. मळ विरघळवणारे थेंब व बधिरता आणणारे औषध असलेले थेंबही छिद्र असताना वापरले जात नाहीत. काही कुटुंबांत सूत्रकणिकेतील (मायटोकॉन्ड्रियातील) जनुकीय बदलामुळे या गटातील औषधांनी बहिरेपण येण्याची शक्यता अधिक असते. हा बदल आईकडून मुलांकडे येतो. त्यामुळे आईकडील नातेवाइकांपैकी कोणाला इंजेक्शनानंतर बहिरेपण आले असल्यास ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

स्टेरॉइडमुळे होणारे धोके

स्टेरॉइड वेदना व सूज लवकर कमी करते. त्यामुळे मूळ संसर्ग टिकून असतानाही रुग्णाला बरे वाटू शकते. स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्याने व प्रतिजैविकाने नेहमीचे जिवाणू नष्ट केल्याने बुरशी वाढण्यास वाव मिळतो. दोन-तीन आठवडे थेंब घालूनही खाज वाढत असेल, कानात दडे बसत असतील किंवा काळपट-पांढरट थर दिसत असेल तर अ‍ॅस्परजिलस बुरशीची शक्यता असते. अशा वेळी तेच थेंब चालू ठेवणे हानिकारक ठरते.

नियोमायसिनमुळे काहींना त्वचेची अ‍ॅलर्जी होते. कान व पाळी लाल होऊन पाणी सुटते. संसर्ग वाढला असे समजून थेंब अधिक घातले जातात व त्रास आणखी वाढतो.

वापरण्याची पद्धत

१. बाटलीवरील नाव, घटक व मुदत वाचावी आणि हात साबणाने धुवावेत.

२. बाटली एक-दोन मिनिटे तळहातात धरून कोमट करावी. ती चुलीजवळ किंवा उकळत्या पाण्यात ठेवू नये. थंड थेंबांमुळे अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिकेतील द्रवात प्रवाह निर्माण होऊन चक्कर येते. तापमान व तोल यांचा हा संबंध रॉबर्ट बारानी यांनी उलगडला. अंतःकर्णातील तोलयंत्रणेवरील संशोधनासाठी त्यांना १९१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३. कान वाहत असल्यास आधी तो कोरडा करावा. स्वच्छ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वात वळून हलकेच कानात ठेवावी. ती भिजली की काढून नवी घालावी व वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. काडी, केसांची पिन किंवा कापूस गुंडाळलेली काडी वापरू नये.

४. रुग्णाला कुशीवर निजवून बाधित कान वर ठेवावा. प्रौढांची पाळी वर व मागे, तर सुमारे तीन वर्षांखालील मुलांची पाळी खाली व मागे ओढल्यास नलिका सरळ होते.

५. बाटलीचे टोक कानाला न लावता सांगितलेले थेंब नलिकेच्या कडेने सोडावेत.

६. कानासमोरील कूर्चेचा उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबावा व तीन ते पाच मिनिटे त्याच स्थितीत राहावे. पडद्याला छिद्र असल्यास औषधाची कडवट चव घशात जाणवू शकते.

उपचार चालू असताना कानात पाणी जाऊ देऊ नये. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवता येतो. नदी-ओढ्यात पोहणे टाळावे. डोळे व कान या दोन्हींसाठी असे लेबल नसलेले कानाचे थेंब डोळ्यात घालू नयेत.

उरलेले औषध

एका मिलिलिटरमध्ये साधारणतः २० थेंब असतात. दिवसातून दोनदा ४ थेंब याप्रमाणे ७ दिवसांच्या उपचारास ५६ थेंब, म्हणजे सुमारे २.८ मिलिलिटर औषध लागते. ५ मिलिलिटरच्या बाटलीत यानंतरही सुमारे ४४ थेंब उरतात, तर १० मिलिलिटरच्या बाटलीत १४० हून अधिक. हा उरलेला भाग घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या किंवा शेजाऱ्याच्या मुलाच्या कानात घालणे हा या औषधांचा गैरवापर होय. पहिल्या रुग्णाचा पडदा शाबूत असेल व दुसऱ्याचा फाटलेला असेल, तर एकाला बरे करणारे थेंब दुसऱ्याचे ऐकणे हिरावू शकतात. शिवाय टोक कानाला लागलेल्या बाटलीतून जंतूही पसरतात. उघडलेली बाटली सर्वसाधारणपणे चार आठवड्यांनंतर वापरत नाहीत. त्यामुळे ती उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

उलटपक्षी, दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उपचार मध्येच थांबवल्यास संसर्ग उलटतो व जिवाणूंत प्रतिरोध निर्माण होण्यास मदत होते.

धोक्याची लक्षणे

पुढील लक्षणांत थेंबांवर विसंबून न राहता तातडीने रुग्णालय गाठावे लागते:

कानामागे दुखरी सूज येणे;

चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे;

कानाच्या आजारात तीव्र डोकेदुखी, वारंवार उलट्या, मान ताठणे किंवा गुंगी येणे;

अचानक ऐकू न येणे किंवा तीव्र चक्कर येणे;

मधुमेही किंवा वृद्ध व्यक्तीचा कान रात्री झोप न लागण्याइतका ठणकणे. यात संसर्ग कवटीच्या हाडात पसरण्याचा धोका असतो.

थोडाच पण दुर्गंधीयुक्त स्राव दीर्घकाळ येत असल्यास मध्यकर्णात हाड कुरतडणारी त्वचेची गाठ (कोलेस्टिएटोमा) असू शकते. तिच्यावर थेंबांचा उपयोग होत नाही व शस्त्रक्रिया करावी लागते.

कायदेशीर तरतुदी

औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ‘एच’मध्ये या थेंबांतील अनेक प्रतिजैविके व स्टेरॉइडे समाविष्ट आहेत. अशा औषधांवर ‘आरएक्स’ हे चिन्ह असते व ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. प्रतिजैविके ओळखता यावीत म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये वेष्टनावरील ‘लाल रेघे’विषयी जनजागृती मोहीम सुरू केली.

खर्डी व शहापूर-मुरबाड परिसर

खर्डी हे शहापूर तालुक्यातील गाव मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत जून ते सप्टेंबर या काळात मोठा पाऊस पडतो. भातलावणीच्या दिवसांत शेतकरी व मजूर दीर्घकाळ ओलेत्याने काम करतात आणि मुले ओढ्या-नद्यांत डुंबतात. कान ओला राहणे व हवेतील दमटपणा हे बाह्यकर्णशोथ व बुरशी यांना पोषक असतात. या परिसरात ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी या आदिवासी समाजांची वस्ती असून अनेक पाडे मुख्य रस्त्यापासून दूर आहेत.

ग्रामीण महाराष्ट्रात कान दुखल्यास तापवलेले तेल, लसूण घालून कढवलेले तेल किंवा पानांचा रस कानात घालण्याचा प्रघात आढळतो. पडद्याला छिद्र असताना असे पदार्थ मध्यकर्णात जाऊन संसर्ग वाढवतात, तर गरम तेलाने नलिका भाजते. त्यामुळे तपासणीवेळी कानात आधी काय घातले होते हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे असते.

खर्डी येथे ग्रामीण रुग्णालय व शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालय पातळीवर कान-नाक-घसा तज्ज्ञ व श्रवणतपासणीची सोय अभिप्रेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीत मध्यकर्णशोथ व श्रवणदोष यांचा त्यात समावेश आहे. बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १४ दिवस किंवा अधिक काळ स्राव येत असल्यास तो दीर्घकालीन संसर्ग समजून वातीने कान कोरडा करणे व क्विनोलोन थेंब घालणे असा उपचार केला जातो. कानामागील दुखऱ्या सुजेत मात्र बालकाला तातडीने वरच्या रुग्णालयात पाठवले जाते. आपत्कालीन स्थितीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते.

वाहणाऱ्या कानाने येणारे बहिरेपण लहान वयात लक्षात आले नाही तर मुलाचे बोलणे व शिक्षण मागे पडते. वेळेवर तपासणी व योग्य थेंब यांनी त्यातील बराचसा भाग टाळता येतो.

हेही पहा

मध्यकर्णशोथ, कर्णपटल, प्रतिजैविक प्रतिरोध, शहापूर तालुका, खर्डी