नाका, राउटर आणि ‘राइट मेमरी’

भिवंडीत पत्ता सांगायचा तर नाक्याच्या हिशोबाने. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, राजनोली नाका, माणकोली नाका... अंजूर फाट्याकडून शहरात शिरलात की लागतो तो धामणकर नाका. इथे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला सबंध महाराष्ट्राचा नकाशा पाठ असायची गरज नसते. नाशिकला जायचंय? आधी राजनोली गाठा. ठाण्याला? अंजूर फाट्याकडे वळा. आणि तुम्ही सांगितलेलं गाव त्याने कधी ऐकलेलंच नसेल तर? ‘आधी ठाण्याला जा, तिथे कोणीतरी सांगेल.’

राउटर याहून वेगळं काही करत नाही. आलेल्या प्रत्येक पाकिटाचा पत्ता बघायचा आणि पुढच्या नाक्याकडे ढकलायचं. ते ‘ठाण्याला जाऊन विचारा’ म्हणजे आमच्या भाषेत डिफॉल्ट राउट.

आज लिहायचंय ते या नाक्यावर बसलेल्याला हुकूम द्यायच्या भाषेबद्दल, म्हणजे कमांड लाइनबद्दल. आपल्या हातातले फोन दहा वेळा बदलले, बँक खिशात आली, पण राउटरचा काळा पडदा मात्र ऐंशीच्या दशकात होता त्याच घाटाचा राहिला. असं का, याचा शोध घेतला तर एक छान इतिहास हाती लागतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र रोमनमध्येच करा :-) )

समजा, धामणकर नाक्यावरच्या एखाद्या छोट्या ऑफिसात नवा सिस्को राउटर आलाय. त्याच्या मागच्या बाजूला ‘कन्सोल’ लिहिलेलं एक पोर्ट असतं. त्यात फिकट निळी चपटी केबल खोचायची, दुसरं टोक लॅपटॉपला जोडायचं, पुटी उघडायचं आणि वेग ठेवायचा ९६००. एन्टर दाबलं की पडद्यावर उगवतं ‘राउटर>’. बस्स. मेनू नाही, चित्र नाही, ‘वेलकम’ नाही.

त्या ‘>’ चा अर्थ, तुम्ही पाहुणे आहात. बघा, पण हात लावू नका. ‘एनेबल’ म्हणून पासवर्ड दिलात की ‘>’ चा ‘#’ होतो, म्हणजे घराच्या किल्ल्या मिळाल्या. मग ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हणायचं आणि बदल सुरू करायचे. राउटरची इंटरफेसेस फॅक्टरीतून बंदच येतात आणि ती चालू करायला ‘चालू’ असा शब्दच नाही, म्हणायचं ‘नो शटडाऊन’. ‘बंद-नको’! पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं, पण त्यामागचा नियम साधा आहे. कुठलाही हुकूम मागे घ्यायचा तर त्याच्यापुढे ‘नो’ लावा. शब्द अर्धवट लिहिले तरी चालतात. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ चं ‘कॉन्फ टी’ होतं, ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ चं ‘श आयपी इंट ब्र’. जिथे दुसऱ्या शब्दाशी घोळ होत नाही तिथवर राउटर समजून घेतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. इथे एन्टर दाबलं की हुकूम त्या क्षणी लागू. बहुतेक वेळा ‘नक्की ना?’ असं कोणी विचारत नाही.

आता थोडं मागे जाऊ. राउटरचा पणजोबा म्हणजे अर्पानेटचं ‘इम्प’. बीबीएन कंपनीने हनीवेलच्या मिनीकॉम्प्युटरवर बनवलेलं, फ्रिजएवढं धूड. पहिलं १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचलं. त्याचा प्रोग्रॅम कागदी फितीवरून चढवायचा. पण एखादं इम्प कोलमडलं तर ते शेजारच्या इम्पकडून प्रोग्रॅमची प्रत मागून घेऊ शकत असे. म्हणजे यंत्र एका गावात आणि त्याचा कारभारी दुसऱ्या गावात, ही कल्पना नेटवर्कइतकीच जुनी आहे.

पुढचा टप्पा स्टॅनफर्ड विद्यापीठ. तिथल्या वैद्यकीय विभागातल्या बिल येगर यांनी १९८० च्या सुमारास आवारातली वेगवेगळी नेटवर्क्स जोडायला राउटरचं सॉफ्टवेअर लिहिलं. लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्डमध्येच काम करणाऱ्या जोडप्याने डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को काढली. कंपनीचा राउटर १९८६ मध्ये बाजारात आला आणि १९८७ मध्ये स्टॅनफर्डने ते सॉफ्टवेअर रीतसर परवान्यावर सिस्कोला दिलं. मधल्या काळात विद्यापीठाच्या मालाचा धंदा कसा केलात यावरून बरीच कुरबुर झाली, पण तो वेगळा विषय आहे.

आपल्या कामाची गोष्ट अशी की स्टॅनफर्डमध्ये तेव्हा डेकची मोठी यंत्रं होती आणि त्यांच्यावर टॉप्स-२० नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. ती निघाली टेनेक्समधून, आणि टेनेक्स बनवलं होतं पुन्हा त्याच बीबीएनने. टॉप्स-२० ची खासियत काय, तर कमांड लिहिता लिहिता अडलात की ‘?’ दाबा. या जागी कोणकोणते शब्द चालतील त्याची यादी समोर हजर. अर्धा शब्द लिहिलात तर पुरा करून मिळायचा. सिस्कोच्या सुरुवातीच्या मंडळींच्या हाताला हे वळण होतं, आणि राउटरच्या पडद्यावर प्रश्नचिन्ह आलं ते या घराण्यातून. जाडजूड मॅन्युअल जवळ नसलेल्या माणसाला त्या एका खुणेने किती वेळा तारलंय, त्याची गणती नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था होती. तिचे प्रमुख श्रीनिवासन रामाणी यांचं नाव २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. त्यातलं स्वस्त कनेक्शन म्हणजे शेल अकाउंट. मोडेमने डायल करायचं, काळ्या पडद्यावर लॉगिन करायचं आणि अक्षरांतच मेल वाचायची. वेग ९.६ केबीपीएस, म्हणजे वरच्या त्या कन्सोल केबलचाच ९६००! मुंबईकरांची इंटरनेटशी पहिली भेट झाली ती कमांड लाइनवरच.

आता पुन्हा भिवंडीत येऊ, कारण या शहराने राउटरवाल्याला एक धडा फुकट शिकवला असता. राउटरमध्ये कॉन्फिगरेशनच्या दोन प्रती असतात. ‘रनिंग’ म्हणजे आत्ता चालू असलेली, साध्या मेमरीत. ‘स्टार्टअप’ म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत जपलेली. तुम्ही टाइप करता ते सगळं जातं रनिंगमध्ये. ते स्टार्टअपमध्ये उतरवायचं तर वेगळा हुकूम द्यावा लागतो, ‘राइट मेमरी’. पुढे कंपनीने ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ असं लांबलचक नाव आणलं, पण जुन्या लोकांची बोटं अजून ‘डब्ल्यूआर’ एवढंच लिहितात आणि बहुतेक राउटर ते मुकाट ऐकतात.

हा हुकूम विसरलात तर? काहीच होत नाही. सगळं झकास चालतं. वीज जाईपर्यंत.

आणि २००० नंतरच्या दशकात भिवंडीत वीज जायची. यंत्रमागांचं शहर, महाराष्ट्रभर लोडशेडिंग, माग थांबले की गल्ल्यांमध्ये एकदम शांतता. २६ जानेवारी २००७ ला इथलं वीजवितरण महावितरणने टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवलं, देशातल्या अशा पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. त्या आधीच्या दिवसांत यूपीएसची बॅटरी संपली की राउटर बंद, वीज आली की राउटर चालू, पण चालू होणार तो स्टार्टअपची प्रत वाचून. चार महिन्यांपूर्वी कोणीतरी घातलेला आणि न जपलेला राउट गायब. घालणारा एव्हाना दुसऱ्या कंपनीत, आणि ऑफिसातले लोक म्हणणार, ‘काल तर चालू होतं, आम्ही काहीच केलं नाही.’ ते खरंच बोलत असतात.

दुसरा धडा गोदामांचा. भिवंडीभोवती काल्हेर, पूर्णा, माणकोली या पट्ट्यात गोदामांचं जे जंगल उभं राहिलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे ही जागा मुंबईच्या जकात हद्दीच्या बाहेर होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिली. आता असं बघा, राउटर गोदामात आणि त्याला हुकूम देणारा इंजिनिअर ऐरोलीत किंवा पुण्यात. तो ज्या लाइनवरून राउटरमध्ये शिरतो तीच लाइन तो दुरुस्त करतोय. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचा प्रकार!

यातला नेहमीचा सापळा म्हणजे अ‍ॅक्सेस लिस्ट. जकात नाक्यावरच्या यादीसारखीच ती. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, वरून खाली वाचत जायचं. फक्त तिच्या तळाशी एक न लिहिलेली ओळ असते, ‘बाकी सगळ्यांना बंदी’. स्वतःचं नाव यादीत घालायच्या आधी ती इंटरफेसला लावली की पडदा गोठतो. इंजिनिअर बाहेर, किल्ल्या आत. मग गाडी काढा आणि ठाणे-भिवंडी रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये बसा.

म्हणून शहाणी माणसं काम सुरू करायच्या आधी ‘रीलोड इन १०’ असं सांगून ठेवतात, म्हणजे दहा मिनिटांत मी परत बोललो नाही तर स्वतःच रीस्टार्ट हो. रीस्टार्ट झाला की तो वाचणार जुनी स्टार्टअप प्रत. ज्या विसराळूपणाने लोडशेडिंगमध्ये घात केला, तोच इथे कामाला लावलाय. सगळं ठीक झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि मगच ‘राइट मेमरी’.

हीच युक्ती ज्युनिपरने १९९८ मध्ये आणलेल्या जुनॉसने सरळ भाषेत रुजवली. तिथे एन्टर दाबून काहीच लागू होत नाही. सगळे बदल एका कच्च्या प्रतीत साठतात, ‘कमिट’ म्हटलं की एकदम लागू होतात. ‘कमिट कन्फर्म्ड’ म्हटलंत आणि दहा मिनिटांत पुन्हा होकार दिला नाहीत, तर राउटर आपणहून मागच्या स्थितीला जातो. कंपनीचे संस्थापक प्रदीप सिंधू, आयआयटी कानपूरचे.

एव्हाना सिस्कोची भाषा इतकी पसरली होती की तिच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. जानेवारी २००३ मध्ये सिस्कोने हुआवेवर खटला भरला. हुआवेने आपली कमांड लाइन आणि मॅन्युअल बदलायचं कबूल केलं आणि २००४ मध्ये प्रकरण मिटलं. डिसेंबर २०१४ मध्ये पाळी आली अरिस्टाची, वाद पाचशेहून जास्त कमांडचा. २०१६ मध्ये ज्यूरीने अरिस्टाच्या बाजूने कौल दिला. या धंद्यात असं लिहिणं ओघानेच येतं, हा तिचा बचाव मान्य झाला. पेटंटसकट सगळी भांडणं ऑगस्ट २०१८ मध्ये मिटली, अरिस्टाने ४० कोटी डॉलर मोजले. ‘शो’ आणि ‘नो’ वर कोणाची मालकी, यावर इतका पैसा! कारण उघड आहे. हजारो इंजिनिअरांच्या बोटांना ती भाषा पाठ झालेली. जो ती बोलेल त्याचा माल खपेल.

पण या भाषेची ताकद धोकादायकही आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला फक्त आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यासाठी घातलेला राउट बाहेर सांडला आणि जगातल्या बऱ्याच भागात सुमारे दोन तास यूट्यूब दिसेना. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या देखभालीत दिलेल्या एका कमांडने कंपनीचं सगळं बॅकबोन तुटलं. अशी कमांड अडवायला एक तपासणी टूल होतं, पण त्यातच बग निघाला. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद. दूरवरून शिरायची वाटच उरली नाही, इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. गोदामवाल्याची गोष्ट, फक्त आकडा मोठा.

मग हे सगळं मोडीत काढून बटणं का देत नाहीत? विचार झालाय. जून २००२ मध्ये नेटवर्क चालवणारी आणि प्रोटोकॉल लिहिणारी मंडळी एकत्र बसली, त्याचा वृत्तांत आरएफसी ३५३५ म्हणून २००३ मध्ये आला. चालवणाऱ्यांचं म्हणणं असं की कॉन्फिगरेशन अक्षरांत हवं. ते वाचता येतं, जपता येतं, कालच्याशी ताडून बघता येतं. त्यातून २००६ मध्ये नेटकॉन्फ निघालं, यंत्राने यंत्राशी बोलायची रीत. तरीही पायथनमधली नेटमिको ही लोकप्रिय लायब्ररी काय करते? माणसासारखी लॉगिन करते, ‘कॉन्फ टी’ म्हणते आणि पडदा वाचते!

मला तरी या दीर्घायुष्याचं कारण अगदी साधं वाटतं. सगळं बंद पडलेलं असताना धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात उरतो एक माणूस, बहुधा अकाउंट्सचा. त्याला राउटर म्हणजे काय माहीत नसतं. पण ‘दादा, पडद्यावर काय दिसतंय ते वाचा’ म्हटलं की तो फोनवर एकेक अक्षर वाचून दाखवू शकतो, आणि तुम्ही सांगाल ते टाइप करू शकतो. चित्र फोनवर सांगता येत नाही, ओळ सांगता येते.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. ‘शो रनिंग’ आणि ‘शो स्टार्टअप’ शेजारी ठेवून वाचा. फरक सापडला तर तो कोणी आणि का केला ते आधी विचारा. आणि मगच ‘राइट मेमरी’.