संगणकाची स्मृती दगा देते तेव्हा

माहूरसारख्या तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्रातील संगणक बंद पडला, की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वाडी-तांड्यावरून आलेल्या माणसाची खेप वाया जाते. संगणक मध्येच आपोआप पुन्हा सुरू होतो, निळा पडदा येतो, कालपर्यंत उघडणारी फाइल आज खराब असल्याचा संदेश येतो. दोष बहुधा व्हायरसच्या माथी मारला जातो. विंडोज नव्याने टाकली जाते आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी संशय रॅमवर घ्यायला हवा.

रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. तो सतत गळत असतो. म्हणून डीडीआर३ आणि डीडीआर४ प्रकारांत दर ६४ मिलिसेकंदांत सगळा साठा पुन्हा भरला जातो. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर हेच काम ३२ मिलिसेकंदांत करावे लागते. एखादा कपॅसिटर सदोष असला, की तेथील बिट उलटतो.

संगणक बंद पडला तर निदान बिघाड कळतो. खरा धोका तो न बंद पडण्यात आहे. युनिकोडमध्ये मराठी ‘१’ आणि ‘९’ या अंकांच्या संकेतांत केवळ एका बिटाचा फरक आहे. तेवढा एक बिट उलटला, की खात्यातील १०,००० रुपयांचे ९०,००० होतात आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सलगतच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त नोंदली गेली. ही संख्या म्हणजे २ चा बारावा घात. त्यामुळे संशय एका उलटलेल्या बिटावरच गेला. मते शक्यतेपेक्षा अधिक भरली, म्हणून चूक उघडकीस आली इतकेच.

म्हणूनच रॅमवर शंका येताच पहिले काम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढण्याचे. आधीची चांगली प्रत असेल तर तिच्यावर नवी प्रत चढवू नये. नव्या प्रतीतही बिघडलेले आकडे असू शकतात. त्यानंतर बायॉसमध्ये जाऊन सर्व सेटिंग मूळ, म्हणजे ‘डीफॉल्ट’ स्थितीत आणावीत. अनेकदा तक्रार येथेच मिटते.

न मिटल्यास संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच रॅमची पट्टी काढावी. दुकानांतून पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची रीत सर्रास दिसते. तिने काम होते, पण मुलामा झिजतो आणि चुरा स्लॉटमध्ये पडतो. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे बरे. पट्टीची खाच स्लॉटशी जुळत नसेल तर जोर लावू नये. ती वेगळ्या पिढीची आहे.

तपासणीसाठी मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालतो. विंडोजमध्येही व्हिस्टापासून मेमरी डायग्नोस्टिक अंगभूत आहे, मात्र त्याची झडती तितकी कसून नसते. चाचणी रात्रभर चालू द्यावी. येथे एक चूकही क्षम्य नाही. चूक दिसल्यास एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी सदोष. कोणतीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटमध्ये चूक येत असेल तर दोष मदरबोर्डचा किंवा प्रोसेसरचा. एकेकट्या निर्दोष ठरलेल्या पट्ट्या एकत्र येताच चुकू लागल्या, तर त्यांचा मेळ बसत नाही असे समजावे. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांत हे विशेष आढळते.

वेग वाढवण्याचा मोह मात्र जपून करावा. बायॉसमधील एक्सएमपी हा पर्याय सोयीचा वाटला तरी ते एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ चे प्रमाण व्होल्टेज १.२, पण अशा प्रोफाइलमध्ये ते बहुधा १.३५ व्होल्ट असते. डीडीआर५ चे प्रमाण १.१ व्होल्ट. पट्टीवर छापलेल्या व्होल्टेजपलीकडे जाऊ नये. जुनी मूल्ये टिपून ठेवावीत, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्यावी. पत्रे लिहिणे आणि अर्ज भरणे एवढेच काम असलेल्या संगणकाला या खटाटोपाचा लाभ जाणवतही नाही. बदलानंतर पडदा काळाच राहिला तर घाबरू नये: डीडीआर५ ला पहिल्या जुळणीस काही मिनिटे लागू शकतात. त्या वेळी वीज जाऊ नये, म्हणून यूपीएस हवा. तरीही संगणक उठला नाही, तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जंपरने सीमॉस पुसावा; सेटिंग मूळ स्थितीत येतात.

उन्हाळ्यात सारा दोष उष्म्याला देण्याची प्रथा आहे. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ च्या अभ्यासात मात्र तापमानाचा परिणाम अल्प दिसला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता फार मोठी होती. पंख्यावरची धूळ अवश्य झाडावी, पण चाचणीत नापास झालेली पट्टी धूळ झाडल्याने सुधारत नाही. अनेक कंपन्या रॅमला दीर्घ मुदतीची, काही तर आजीवन हमी देतात. पावती सापडली तर ती बदलून मिळू शकते.