सुय्याचा वारसा

राजवंशांच्या इतिहासांत नदीच्या गाळाला सहसा स्थान मिळत नाहीं. कल्हण पंडितानें मात्र राजतरंगिणीच्या पांचव्या तरंगांत, नवव्या शतकांतील राजा अवन्तिवर्मा याचें चरित्र सांगतांना, सुय्य नांवाच्या पुरुषाचें कार्य मोठ्या आदरानें वर्णिलें आहे. त्या काळीं महापद्म सरोवराच्या, म्हणजे आजच्या वुलरच्या, पाण्यानें काश्मीरची शेती बुडत असे. वितस्तेचा, म्हणजे झेलमचा, मार्ग दरडींच्या दगडांनीं अडला होता. सुय्यानें नदींत नाणीं फेंकलीं. दुष्काळानें गांजलेल्या लोकांनीं तीं शोधण्यासाठीं दगड उपसले आणि पाण्यास वाट झाली. पुढें त्यानें पात्र साफ करवून बांध घातले. तांदुळाच्या एका खारीचा भाव २०० दीनारांवरून ३६ वर आला, असें कल्हण सांगतो. त्याच्या नांवानें वसलेलें सुय्यपूर आज सोपोर म्हणून ओळखलें जातें.

ह्या कथेंत आम्हांस एक करार दिसतो: नदीकडून जमीन घ्यावयाची, आणि तिची वाट पिढ्यान् पिढ्या मोकळी ठेवावयाची. करारांतील लाभ सर्वांस आवडला. कर्तव्याचा विसर पडला. सरोवराकांठची पाणथळ भूमि ही पुराची विसांव्याची जागा. झेलम चढली म्हणजे जास्तीचें पाणी तेथें पसरतें आणि हळूहळू पुढें जातें. विसाव्या शतकांत तेथें जळणासाठीं वाळुंजाच्या जातीचीं झाडें लावण्यांत आलीं, भातशेती वाढली. १९११ सालीं सुमारें १५८ चौरस किलोमीटर असलेलें हें क्षेत्र २००७ पर्यंत सुमारें ८७ वर आलें. सप्टेंबर २०१४ मध्यें अतिवृष्टीनें श्रीनगर बुडालें, तेव्हां पाण्याला पसरावयास पूर्वीइतकी जागा उरली नव्हती.

आतां तर हवामानच तापत आहे. झेलमच्या लिद्दर ह्या उपनदीस पाणी पुरविणारी कोलाहोई हिमनदी मागें हटत आहे. बर्फ लवकर वितळतें, आणि जोराच्या पावसाचा संभव वाढला आहे. नदी कधीं रोडावेल, कधीं अकस्मात् फुगेल. अशा लहरी पाण्याचें कोठार पाणथळ भूमीच होय.

१९९२ च्या पुराच्या गाळाखालीं नाहींशीं झालेलीं वुलरचीं कमळें, गाळ उपसल्यानंतर, २०२५ सालीं पुन्हां फुललीं. सुय्याची रीत अजूनहि फळ देते, हें त्यावरून दिसतें. मात्र एकदां उपसून भागणारें हें काम नव्हे. प्रत्येक पिढीनें तें आपल्या वांट्याचें म्हणून केलें पाहिजे.