भारतांतील कोठून तरी

रेडिओ-केंद्रानें आरंभींच आपलें गांव सांगावें, ही सर्वमान्य रीत. परंतु २७ ऑगस्ट १९४२ रोजीं लघुलहरींवर, ४२.३४ मीटरवर, एक निराळाच आवाज उमटला. त्यानें आपलें नांव 'काँग्रेस रेडिओ' असें सांगितलें. ठिकाण मात्र 'भारतांतील कोठून तरी' एवढेंच!

'भारत छोडो' ठरावानंतर पुढारी तुरुंगांत होते आणि वर्तमानपत्रांवर बंधनें होतीं. तेव्हां उषा मेहता, बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृतींनीं मुंबईंत हें केंद्र उभारलें. राममनोहर लोहियांचें साहाय्य लाभलें. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून दूरवर पोंचतात. पण निरनिराळ्या जागांहून त्यांची दिशा मोजली, कीं त्या रेषा जेथें छेदतात तेथें केंद्र सांपडतें. म्हणून ह्या मंडळींना बिऱ्हाड वरचेवर बदलावें लागे.

स्वतःचा पत्ता लपविणाऱ्या ह्या आवाजानें दडपलेल्या गांवांचे पत्ते मात्र उघड केले. बुलढाण्यापासून चांद्यापर्यंत पसरलेल्या विदर्भांत, चिमूर आणि आष्टी येथें, १६ ऑगस्टला लोक उठले. पुढें चिमूरला स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांविषयीं वर्तमानपत्रांना लिहितां येईना. ती वार्ता ह्या केंद्रानें निर्भयपणें सांगितली.

१२ नोव्हेंबरला गिरगांवांतील पारेखवाडींत पोलिसांनीं छापा घातला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्यें त्या सुटल्या. तो आवाज तीन महिनेही टिकला नाहीं. परंतु तोंवर चिमूरचें नांव विदर्भाबाहेर ऐकूं गेलें होतें, आणि तें मागें घेणें कोणत्याही सरकारच्या हातीं उरलें नव्हतें.