कोंबड्यांचा भात आणि पायांची आग

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी हळूच सांगितलं, "रात्री पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. चादरसुद्धा सहन होत नाही." घरचे म्हणतात, वरून काही दिसत नाही, मग दुखतं कसलं? म्हणून आज जुनी गोष्ट.

जावा बेटावर, आजच्या इंडोनेशियात, तेव्हा डचांचं राज्य होतं. सैनिकांत आणि कैद्यांत बेरीबेरी फार. आधी पायांना मुंग्या, मग आग, मग बधिरपणा. शेवटी माणसाला उठवत नसे. कित्येक दगावले. सगळे जंतू शोधत बसले होते. आइकमन नावाचे डॉक्टरही 1890 च्या सुमारास तेच शोधत होते. तेवढ्यात त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लटपटू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कोंबड्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घालत होते. नवा स्वयंपाकी आला, तो म्हणाला, लष्कराचा तांदूळ कोंबड्यांना कशाला? त्याने तो बंद केला, आणि कोंबड्या बिनपॉलिशच्या तांदळावर उभ्या राहिल्या. पुढे 1929 साली आइकमन यांना नोबेल मिळालं. स्वयंपाक्याला काय मिळालं, कोण जाणे!

मग जावाच्या तुरुंगांची पाहणी झाली. पॉलिश तांदूळ असलेल्या बहुतेक तुरुंगांत बेरीबेरी निघाली. कोंडा राखलेला तांदूळ असलेल्या 37 तुरुंगांपैकी एकाच ठिकाणी. कोंड्यातलं ते सत्त्व, ब-1 जीवनसत्त्व, 1926 मध्ये वेगळं काढता आलं. नसांना ते लागतंच.

म्हणजे वाफेच्या गिरण्या आल्या आणि तांदळाचं अंग सोलून निघालं. आमच्या आज्या पहाटे उखळात भात कांडायच्या, त्यात थोडा कोंडा राहायचा. मुसळ सुटलं याचं आम्हाला दुःख नाही, हाताचे घट्टे आम्ही पाहिलेत. पण एकदाच सडून घ्या, असं गिरणीवाल्याला सांगता येतं.

1942 मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो सैनिक जपानच्या कैदेत गेले. पॉलिश तांदळावर राहून त्यांचेही पाय पेटले. रात्रभर कुणी येरझाऱ्या घालायचे, कुणी गार पाण्यात पाय सोडून बसायचे. धडधाकट जवान रडायचे. आणि काकूंना मात्र ढोंगी म्हणतात. आपल्याकडे डॉ. सी. गोपालन यांनी 1946 मध्ये पाय जळण्याच्या या दुखण्यावर लिहिलं; दुसऱ्या एका ब जीवनसत्त्वाने रुग्णांना आराम पडल्याचं त्यांनी नोंदवलं.

आज मात्र कारण बहुतेकदा साखर असतं. मधुमेह नसा पोखरतो. कधी ब-12 कमी पडतं, आणि साखरेच्या मेटफॉर्मिन या गोळीनेही ते वर्षानुवर्षांत घटू शकतं. पण गोळी आपल्या मनाने सोडू नका, रक्त तपासून घ्या. शेक, गरम पाणी नको, बधिर पायाला चटका कळत नाही. झोपताना तळवे बघा, दिसत नसतील तर सुनेला दाखवा. नसांच्या दुखण्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांकडे मागा.

काकूंसोबत आमच्यातल्या दोघी आरोग्य केंद्रात गेल्या. साखर निघाली. घरी येऊन काकू पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघा, दुखत होतं."