तांबडा ओक : गळक्या लाकडाचा इतिहास

तीस वर्षे आम्ही वर्गात ॲरिस्टॉटल शिकवला. बीजामध्ये वृक्ष ‘शक्यता’ म्हणून कसा असतो, हे समजावताना ओकच्या बीचे उदाहरण द्यायची पाठ्यपुस्तकांची रीत आहे. आम्हीही तेच देत आलो. गंमत अशी, की ती बी आम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती! निवृत्तीनंतर मुलाकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा फुटपाथवर ती पायाखाली कटकट फुटू लागली. झाड होते तांबडा ओक, १९५० पासून त्या राज्याचा राज्यवृक्ष. (आपल्याकडच्या ओक मंडळींचा याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले हे झाड. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘क्वेर्कस रुब्रा’ असे नाव दिले. तिथल्या ओकांचे ढोबळमानाने दोन गट : तांबडा आणि पांढरा. पांढऱ्याच्या पानाच्या कडा गोलसर. तांबड्याच्या पानाला टोके आणि टोकांवर बारीक केस. पांढऱ्याचे फळ त्याच वर्षी पिकते, तांबड्याचे दुसऱ्या वर्षीच्या शरदात. पण इतिहास घडवला तो लाकडातल्या फरकाने.

तिथल्या एका सुताराने आम्हाला वीतभर लांबीचा तांबड्या ओकचा तुकडा दिला. एक टोक साबणाच्या पाण्यात धरा म्हणाला, दुसऱ्या टोकाला फुंका. फुंकले, तर पाण्यात बुडबुडे! झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या या लाकडात उघड्याच राहतात. पांढऱ्या ओकच्या गाभ्यात मात्र शेजारच्या पेशी नळ्यांमध्ये फुगे काढतात आणि बूच बसावे तशा त्या बंद होतात.

आता बघा, पिंप आणि जहाज ही ज्या काळाची मुख्य गरज, त्या काळात गळक्या लाकडाला कोण विचारणार? दारूची पिंपे पांढऱ्या ओकची. बर्बनची आजही त्याचीच. तांबड्याच्या वाट्याला आली कोरड्या मालाची पिंपे, नाहीतर घट्ट काकवीची. न्यू इंग्लंडच्या बंदरांतून तांबड्या ओकच्या फळ्या कॅरिबियन बेटांवर जात आणि तिथे त्यांच्या पिंपांत साखर भरली जाई. ती साखर गुलामांच्या श्रमाची होती, हे झाडाचा इतिहास सांगतानाही गाळता येत नाही. सालीतल्या टॅनिनवर कातडी कमावत. बाकी दुय्यम लाकूड म्हणून त्याची गणना.

मग रेल्वे आली. रुळांखालचे स्लीपर आधी पांढऱ्या ओकचे नि चेस्टनटचे, कारण ही लाकडे कुजायला वेळ लागतो. तांबडा ओक जमिनीला टेकला की काही वर्षांत कुजे. पण इंग्लंडमध्ये जॉन बेथेलने १८३८ मध्ये क्रिओसोट तेल दाबाखाली लाकडात भरण्याचे पेटंट घेतले होते. पुढे अमेरिकेत चांगले लाकूड महागले, तशी ही पद्धत तिथे पसरली. आणि तेल कुठे खोल शिरते? जिथे नळ्या उघड्या, तिथे! पांढरा ओक तेल पिईना, तांबडा घटाघट प्याला. झाड तेच, नळ्या त्याच. कालपर्यंत जो दोष होता, त्यालाच आता भाव आला. गुण वस्तूत असतो की आपल्या गरजेत, यावर आम्ही वर्गात पुष्कळ खडू झिजवला. हे उदाहरण माहीत असते तर तास लवकर संपला असता.

दुसरी कलाटणी दुःखाची. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या चेस्टनटवर एक बुरशी दिसली. पुढच्या चारेक दशकांत ॲपलाशियन डोंगरांतले हे मोठे झाड जवळजवळ संपले. त्या मोकळ्या जागा ज्यांनी भरल्या, त्यांत तांबडा ओक ठळक. आज अमेरिकी घरांतल्या जमिनी, जिने, कपाटे मोठ्या प्रमाणावर त्याची आहेत.

युरोपातही तो लावला गेला : वाढ जलद, हलक्या जमिनीतही चालतो, शरदात पाने लाल. आता पोलंडसारख्या देशांत त्याच्या सावलीखाली स्थानिक रोपे उगवत नाहीत, अशी तक्रार आहे. पाहुणा घरमालक झाला म्हणा ना.

लागवडीचे थोडक्यात. बी वाळली की मेली. ओलसर ठेवून महिना-दीड महिना थंडी द्यावी लागते. पंचविसाव्या वर्षाच्या सुमारास झाड फळू लागते, भरपूर फळायला पन्नाशी उजाडते. जंगलात पेरणी करते खार. पांढऱ्या ओकची बी शरदातच रुजते, म्हणून खार ती लगेच खाते. तांबड्याची वसंतापर्यंत झोपून राहते, म्हणून पुरून ठेवते. पुरलेले सगळेच काही तिला परत सापडत नाही.

पण रुजलेल्या रोपाला ऊन हवे. पूर्वी मूळ रहिवासी जंगलात हलके वणवे लावत. मेपलची कोवळी रोपे त्यात जळत, ओकचे मूळ खोल, ते पुन्हा फुटे. विसाव्या शतकात वणवे विझवण्याची शिस्त आली, मेपल माजला आणि जुन्या ओकांखाली तरुण ओक दिसेनासे झाले. म्हणून आता तिथले वनाधिकारी वारा-पाऊस पाहून, ठरवून, पाचोळ्याला स्वतःच काडी लावतात.